वीणेचा पहारा



गावच्या सप्ताहात ज्यांनी कधी वीणा घेतली असेल त्यांना हे वेगळे सांगायला नको. सप्ताह बसला की सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते. ती एकाच्या गळ्यातून उतरते आणि दुसऱ्याच्या गळ्यात जाते. देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, घेणारा देणाऱ्याच्या पाया पडतो आणि नाम पुढे चालू राहते. दिवसा मांडवात माणसे असतात, टाळकरी असतात, कीर्तनाला गर्दी असते. रात्री दोन ते चारच्या पहाऱ्याला मात्र देव असतो, समई असते आणि वीणेकरी असतो. गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या धानाच्या गावात हा पहारा अकरा वर्षे माझ्याकडे होता. थंडी असो, झोप असो, तो कधी चुकला नाही. त्याचा मला थोडा अभिमानही होता, हे तुमच्यापाशी कबूल करतो.

बाराव्या वर्षी, माघातल्या सप्ताहाच्या चौथ्या रात्री, डाव्या कुल्ल्यातून एक कळ निघाली. मांडीच्या मागून पोटरीत उतरली आणि विजेचा झटका बसावा तशी पायाच्या अंगठ्यापर्यंत गेली. मी मंडपाच्या खांबाला पाठ टेकवली. थोडा वेळ निभावले. मग खांबाचा आधारही पुरेना. शेवटी मांडवात झोपलेल्या एका मुलाला हाका मारून उठवले आणि वीणा त्याच्या गळ्यात घातली. त्याने ती आनंदाने घेतली, डोळे चोळत नाम सुरूही केले. मी भिंतीकडे तोंड करून आडवा झालो आणि रडलो. पाय दुखत होता म्हणून रडलो की पहारा मोडला म्हणून, ते मला अजून सांगता येत नाही.

ही माझ्या पाठीची गोष्ट आहे, पण ती माझ्या पाठीपाशी संपत नाही. ती माझ्या वहिनींच्या पावलापाशी येऊन थांबते. म्हणून शेवटपर्यंत वाचावे, एवढी विनंती.

आधी थोडे शरीराबद्दल. आपल्या बोलण्यात 'नस' हा एकच शब्द दोन कामे करतो. सलाईन लावताना परिचारिका हातावर शोधते तीही नस, आणि 'मणक्यात नस दबली' म्हणतो तीही नस. पहिलीतून रक्त वाहते. दुसरीतून निरोप वाहतात. तिला मज्जातंतू म्हणतात. पायाखाली काटा आला हा निरोप वर मेंदूकडे जातो, पाय उचल हा निरोप मेंदूकडून खाली येतो. नसेवर नस चढली असे आपण सहज म्हणतो, तेव्हा कोणती नस हे आपल्यालाही ठाऊक नसते. मलाही नव्हते.

हे निरोप ज्या वाटेने जातात ती वाट पाठीच्या कण्यातून आहे. जन्मतः आपल्याला ३३ मणके असतात. मोठे होताना अगदी खालचे ४ जुळून माकडहाड होते आणि त्याच्या वरचे ५ जुळून एक हाड होते. उरलेले २४ मोकळे राहतात: मानेत ७, पाठीत १२ आणि कमरेत ५. प्रत्येक मणक्याला मागे एक कमान असते. कमानी एकावर एक आल्या की त्यांची नळी होते, आणि त्या नळीत मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू असतो. तो जाडीने करंगळीएवढा, लांबीने सुमारे ४५ सेंटिमीटर. त्याच्यापासून डावीकडे आणि उजवीकडे मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघतात आणि हाताच्या बोटांपासून पायाच्या बोटांपर्यंत पोचतात.

मज्जारज्जू कमरेच्या शेवटापर्यंत जात नाही, हे ऐकून मला नवल वाटले होते. कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी तो संपतो. तिथून खाली मज्जातंतूंचा मोकळा झुबका लोंबत असतो. पाश्चात्य वैद्यांनी त्याला घोड्याचे शेपूट असे नाव दिले, आपल्याकडे अश्वपुच्छ म्हणतात. वारीच्या रिंगणात धावणाऱ्या माउलींच्या अश्वाचे शेपूट डोळ्यांपुढे आणा, म्हणजे चित्र नीट दिसेल. पाय उचलण्याचे, लघवी थांबवण्याचे आणि सोडण्याचे, शौचाचे, बसण्याच्या जागेच्या स्पर्शाचे निरोप त्या शेपटाच्या केसांतून ये-जा करतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते. बाहेरून चिवट कडे आणि आत मऊ गर, अशी तिची घडण. माणूस पुढे वाकला की गादीची पुढची कड दाबली जाते आणि आतला गर मागे सरकू पाहतो. मागेच तर मज्जातंतूंची वाट असते. वर्षानुवर्षे वाकून, वाकल्या अवस्थेत ओझे उचलून, उचलता उचलता कमरेत वळून ते कडे झिजते. एके दिवशी चिरते आणि गर बाहेर येऊन मज्जातंतूला खेटतो. कमरेच्या शेवटच्या दोन गाद्यांचे असे सर्वांत जास्त वेळा होते. तिथूनच पायात जाणारा, शरीरातला सर्वांत जाड मज्जातंतू तयार होतो. म्हणून दुखणे कमरेत आणि कळ पायात. डॉक्टर त्याला सायटिका म्हणतात. आयुर्वेदाने त्याला गृध्रसी म्हटले. गृध्र म्हणजे गिधाड. रोगी गिधाडासारखा अडखळत चालतो म्हणून ते नाव.

आता आमचा मुलूख पाहा. गोंदिया, आमगाव, तिरोडा, अर्जुनी मोरगाव, कुठेही जा, पावसाळ्यात बांध्या भरल्या की बायका पऱ्हे हातात घेऊन वाकतात आणि मागे मागे सरकत रोवणी करतात. सकाळी वाकलेली कंबर दुपारी भाकरीला सरळ होते, ती पुन्हा दिवेलागणीपर्यंत वाकलेली. इटियाडोहच्या पाण्यावर जिथे उन्हाळी धान होते तिथे वर्षातून दोनदा हेच. कापणीला पुन्हा वाकणे, कडपा उचलणे, भारे डोक्यावर घेऊन पुंजण्यापर्यंत नेणे. पुढे राइस मिलमध्ये ४० किलोचा कट्टा पाठीवर घेणारे हमाल. घरी बसून विडी वळणाऱ्या बायकांची मानही सूपात वाकलेली. आमच्याकडे कंबर धरली हे रोगाचे नाव नाही, ती रोजची विचारपूस आहे.

एवढ्या दुखणाऱ्या कंबरांना औषध काय? माझ्या लहानपणी गावात एक पायाळू आजी होती. पायाळू म्हणजे जन्मताना जिचे पाय आधी आले ती. उसण भरलेला माणूस तिच्या अंगणात पालथा पडायचा. आजी भिंतीला हात लावून त्याच्या कमरेवर पाय ठेवायची, तीनदा हलकेच दाबायची आणि म्हणायची, "ऊठ आता." बहुतेक जण उठायचे. तिने कधी पैसा घेतला नाही. मी तिची थट्टा करणार नाही. साधी उसण काही दिवसांत आपोआप उतरते हे खरे. पण दुखणाऱ्या माणसाला कुणी प्रेमाने हात लावावा आणि तू बरा होशील असे सांगावे, यातही बळ असतेच.

माझ्या दुखण्याला मात्र आजी उरली नव्हती. एका सोबत्याने सांगितले की नागपूरचे एक गृहस्थ महिन्यातून दोन शनिवार गोंदियाला येतात, हाताने मणके बसवतात. परदेशात शिकून आलेले होते. त्या विद्येला कायरोप्रॅक्टिक म्हणतात. ग्रीक भाषेतल्या शब्दांवरून केलेले हे नाव, अर्थ एवढाच की हाताने केलेले काम.

या विद्येची जन्मकथा सांगतो. अमेरिकेत मिसिसिपी नदीकाठी डॅव्हनपोर्ट नावाचे शहर आहे. तिथे डी. डी. पामर हा हात ठेवून, चुंबकशक्तीने रोग बरे करतो असे सांगणारा उपचारक होता. १८९५ साली त्याच्याकडे हार्वे लिलार्ड नावाचा एक सफाई कामगार आला. त्याला ऐकू येत नव्हते, आणि वाकून जोर लावताना पाठीत काही हलल्यापासून बहिरेपण आले असे त्याचे म्हणणे होते. पामरने पाठीवरचा एक उंचवटा दाबला आणि लिलार्डला ऐकू येऊ लागले, असे पामरने सांगितले. त्यावरून त्याने सिद्धांत मांडला की मणका जागचा हलतो, मज्जातंतूवर दाब येतो आणि त्यातून रोग होतात. शंभरातले पंच्याण्णव रोग असेच होतात, इथपर्यंत तो गेला. १८९७ साली त्याने शाळा काढली आणि ही विद्या जगभर पसरली.

यात खरे किती? मज्जातंतू दबला की कळ येते, बधिरता येते, ताकद जाते, हे खरे. ते मी भोगले आहे. पण सगळे रोग कण्यातून येतात हे खरे नाही. ऐकण्याचा मज्जातंतू कानातून थेट मेंदूत जातो, तो मणक्यांच्या वाटेला येतच नाही. हृदयाला शांत करणारा आणि जठराला चालना देणारा एक मोठा मज्जातंतू मेंदूतून निघून मानेतून खाली येतो, तोही कण्याच्या नळीबाहेरून. तेव्हा पाठ दाबून साखर उतरेल, दमा जाईल, असे कुणी म्हटले तर हात जोडावेत आणि पुढे जावे. दाबताना जो कट्ट आवाज येतो, तो हाड जागेवर बसल्याचाही नसतो. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी होते तेव्हाचा तो आवाज, बोटे मोडताना येतो तसलाच.

मग ही विद्या खोटी म्हणावी का? तसेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या डिसेंबरात जुनाट कंबरदुखीबद्दल मार्गदर्शन प्रसिद्ध केले. २०२० मध्ये जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असा तिचा अंदाज. तिने सांगितलेल्या उपायांत रोग्याला दुखणे समजावून सांगणे आहे, व्यायाम आहे, मालिश आहे आणि मणक्यांवर हाताने करायचे उपचारही आहेत. कमरेचा पट्टा आणि वजन लावून ओढणे हे मात्र नेहमीचे उपाय म्हणून देऊ नयेत, असे तिने म्हटले आहे. म्हणजे कण्यावर हात फिरवणाऱ्याला कंबरदुखीच्या पंगतीत एक पान आहे. सबंध पंगत त्याची नाही. आणि मानेला झटका देण्याच्या बाबतीत तर फार जपायला हवे. क्वचित का होईना, त्यातून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झालेला आहे. मणक्याचा क्षय असेल, म्हातारपणाने हाडे ठिसूळ झाली असतील, तर झटका कुठेच देऊ नये.

ही समज मला आज आहे, तेव्हा नव्हती. त्या गृहस्थांनी माझ्या गुडघ्यावर लहान हातोडी मारून पाहिली, टाचांवर चालायला लावले, चवड्यांवर चालायला लावले, पायाला टाचणी टोचून कळते का विचारले. मला तो वेळकाढूपणा वाटला. मला कट्ट आवाज हवा होता. शेवटी तो आला, आणि घरी येताना पाय हलका वाटला. पुढच्या भेटीला आणखी हलका. त्यांनी रोज करायचे व्यायामही दिले होते, ते मी केले. दीड-दोन महिन्यांत कळ गेली. गादी सरकलेल्या पुष्कळ माणसांची कळ अशा काही आठवड्यांत शस्त्रक्रियेशिवाय ओसरते, हे मला नंतर कळले. तेव्हा मी सगळे श्रेय त्या आवाजाला देऊन टाकले.

आणि मी प्रचारक झालो. भजनात, बाजारात, चावडीवर, जो कंबर धरील त्याला मी पत्ता सांगू लागलो. पहारा मोडल्याची जी लाज होती ती या प्रचाराने झाकली जात होती, असे आता वाटते.

त्याच वर्षी आषाढात रोवणी सुरू झाली. आमच्या भागातल्या कष्टकरी बाईला आषाढी वारी सहसा घडत नाही, कारण पालखी जेव्हा वाटेवर असते तेव्हा बांधीत पऱ्हे वाट पाहत असतात. आमच्या वहिनींनीही पंढरी पाहिली ती माघीलाच. त्या बुधवारी त्या रोवणीवरून आल्या आणि ओसरीवर टेकल्या. म्हणाल्या, "भाऊजी, दोन्ही पाय झोपून गेल्यावानी वाटते जी. कंबर तर धरलीच आहे."

मी जाणत्याच्या थाटात म्हणालो, "मलाही असंच झालं होतं, वहिनी. शनिवारी ते येणार आहेत. मीच घेऊन जातो."

मलाही असंच झालं होतं. वाचकहो, हे चार शब्द मी त्यानंतर कुणाही दुखणाईतापुढे उच्चारलेले नाहीत.

गुरुवारी त्यांना लघवी नीट होईना. शुक्रवारी अजिबात होईना, आणि बसलेल्या जागेचा स्पर्श कळेना. हे त्यांनी घरातल्या पुरुषांना सांगितले नाही. माझ्या पत्नीला सांगितले, तेही संध्याकाळी, चुलीपाशी, हळू आवाजात. पत्नीने मला सांगितले. मी म्हणालो, चिखलात दिवसभर पाणी पीत नाहीत बायका, त्याने झाले असेल. सकाळी जायचेच आहे.

शनिवारी त्या गृहस्थांनी वहिनींना टाचांवर उभे राहायला सांगितले. डावे पाऊल वर उचललेच नाही. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. लघवी होते का? बसल्या जागी कळते का? वहिनींनी मान खाली घातली. ते गृहस्थ खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "मी यांना हात लावणार नाही. आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या. एक तासही दवडू नका."

मी ज्याच्या हातावर एवढा विश्वास ठेवला, त्याला आपला हात कुठे थांबवायचा हे ठाऊक होते. मला ठाऊक नव्हते. पुढची धावपळ लांबवत नाही. तपासण्या झाल्या, नागपूर गाठले आणि रात्री शस्त्रक्रिया झाली. गादीचा मोठा तुकडा त्या अश्वपुच्छावर बसला होता. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावले आणि रागावले नाहीत, तेच फार लागले. एवढेच म्हणाले, "यात दिवस मोजत नाहीत, तास मोजतात. दाब जितका लवकर निघेल तितके परत मिळते."

वहिनींना पुष्कळ परत मिळाले. काही महिन्यांनी लघवीची नळी सुटली, ताबा बराचसा आला. डावे पाऊल मात्र लोंबते ते लोंबतेच. चपलेत प्लॅस्टिकची पट्टी घालून त्या चालतात, आणि चिखलात आता उतरत नाहीत.

यानंतर मी बरेच दिवस ज्ञानेश्वरी घेऊन बसत असे. सहाव्या अध्यायाशी नेहमी थांबे. तिथे माउलींनी आसनाचे, कुंडलिनीचे, सुषुम्नेच्या वाटेचे वर्णन केले आहे, हे तुम्ही जाणताच. हल्ली काही जण सांगतात की सुषुम्ना म्हणजेच मज्जारज्जू, चक्रे म्हणजेच मज्जातंतूंचे झुबके, तेव्हा कणा सरळ केला की अध्यात्मही सरळ होते. मलाही ते एकदा पटले होते. आता नाही पटत. माउली सांगतात ती साधकाच्या अनुभवाची वाट आहे. शस्त्रक्रियेच्या टेबलावर दिसतो तो देहाचा दोर आहे. एकाच्या भाषेत दुसऱ्याला कोंबले की दोघांचाही अपमान होतो, आणि मध्ये एखादी वहिनी अडकते. शिवाय आपल्या पंथाने कण्याच्या सरळपणाची अट घातलेली नाही. नामाला वाकलेली पाठ चालते, लोंबणारे पाऊल चालते. शके १२१२ मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगताना माउली ज्या खांबाला टेकून बसले असे आपण मानतो, तो पैस खांब आजही आहे. एवढ्या थोर वाणीनेही पाठीला खांबाचा आधार घेतला, हे मनात आले की मला माझ्या त्या रात्रीची, मंडपाच्या खांबाची आठवण होते, आणि आधार घेण्यात लाज कसली असे वाटते.

मग चूक कुठे झाली? मी पुष्कळ विचार केला. माझा अनुभव खोटा नव्हता. ते गृहस्थही खोटे नव्हते. चूक अशी की मी माझ्या अनुभवाचा प्रसाद केला. आपल्याला प्रसाद वाटायची सवय आहे. काल्याचा घास सर्वांना सारखा; लहान-मोठा, रोगी-निरोगी, कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. ती आपल्या पंथाची शोभा आहे. पण औषधाचा प्रसाद होत नसतो. तो ज्याचा त्याला, तपासून, मोजून द्यावा लागतो. एकाच्या कमरेत सरकलेली गादी आणि दुसऱ्याच्या कमरेत सरकलेली गादी, नाव एक, पण कुठे किती सरकली यावर सगळे. वहिनींनी दोन्ही पाय म्हटले होते. माझा एक होता. मी तो फरक ऐकलाच नाही, कारण मी ऐकत नव्हतो, वाटत होतो.

आणि दुसरी गोष्ट लाजेची. वहिनी एक दिवस आधी बोलल्या असत्या तर? पण त्यांना बोलता येईल असे घर आम्ही ठेवले होते का? दिंडीत, सप्ताहात, माजघरात आपण एकमेकांच्या पाया पडतो. पण बाईमाणसाने लघवी होत नाही असे मोकळेपणी सांगावे, एवढी जवळीक आपल्यात नसेल, तर त्या पाया पडण्याला अर्थ काय?

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, विशेषतः दिंडीचालकांना आणि मंडळाच्या माता-भगिनींना. कंबरदुखी बहुतेक वेळा साधी असते. तिला घाबरून महिनाभर अंथरूण धरू नये. झेपेल तसे हिंडत-फिरत राहावे, शिकलेल्या फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम घ्यावेत. पण कंबरदुखीबरोबर लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, सायकलच्या सीटवर जो भाग टेकतो तो बधिर झाला, दोन्ही पायांत कळ किंवा बधिरपणा आला, किंवा पाऊल लोंबू लागले, तर कुणाच्याही हाताखाली पडू नये. शनिवारची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा आणि मोठ्या रुग्णालयात जावे. ताप असेल, वजन घटत असेल, रात्री पडल्या पडल्याही दुखणे थांबत नसेल किंवा कुठून पडल्यावर दुखू लागले असेल, तर आधी डॉक्टर, मग बाकी सारे.

आता शेवटचे. वहिनींना व्यायाम शिकवायला जी मुलगी यायची, तिने एकदा रोवणीच्या बायकांसाठी एक सोपी गोष्ट सांगितली. दर अर्ध्या तासाने सरळ उभे राहायचे, पाय थोडे फाकवायचे, दोन्ही हात कमरेवर ठेवायचे आणि हळूच मागे कलायचे, चार-पाच वेळा. पुढे वाकून मागे सरकू पाहणाऱ्या गादीला त्याने विसावा मिळतो. ज्यांना मागे कलताना कळ पायात उतरते त्यांनी ते करू नये, हेही तिने बजावले. वहिनी ऐकत होत्या. म्हणाल्या, "कमरेवर हात? मग हा तर विठोबाच झाला जी."

गेल्या पावसाळ्यात मी बांधीवर गेलो होतो. वहिनी धुऱ्यावर छत्री घेऊन बसल्या होत्या, लोंबते पाऊल समोर पसरून. बांधीत पंधरा-सोळा बायका वाकून रोवणी करत होत्या. वहिनींनी मोबाइलमध्ये वेळ पाहिली आणि खणखणीत हाक दिली, "विठ्ठल!" आणि चिखलात ती ओळच्या ओळ सरळ झाली, सगळ्यांचे हात कमरेवर. कुणी हसत होती, कुणी घाम पुसत होती. मी धुऱ्यावर चप्पल काढून ठेवली आणि नमस्कार केला.

वहिनी म्हणाल्या, "काय भाऊजी, कोणाले नमस्कार?"

मी काही बोललो नाही. या माघात रात्री दोनचा पहारा पुन्हा माझ्याकडे आहे. त्या मुलाला शेजारीच झोपायला सांगितले आहे. पाय बोलू लागला तर त्याला हाक मारायला मी लाजणार नाही.

रामकृष्ण हरी!